सोलापूरकरांचा अनुभव धागा : अभ्यास हीच सेवा म्हणता, मग ती करता कशी?

14 एप्रिल, आंबेडकर जयंती, जवळ आली. सलग 18 तास अभ्यासाच्या बैठका पुन्हा लागतील. अभ्यास हे व्रत आणि समाजाचं देणं मानणाऱ्यांनी आपापली रीत लिहा, नावाच्या जागी शहरातला आपला भाग टाका. भावना नको, कृती सांगा.

बाळीवेस : 18 तास म्हणजे सकाळी 6 ते रात्री 12. पाठांतर सकाळीच उरका. एप्रिलात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो. पत्र्याखाली बैठक घेतली की दुपारी 2 ते 4 मुलं डुलक्या काढणारच. तेव्हा वाचायला बसवू नका, घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला द्या. हात चालू असला की झोप लांब राहते. जेवण अर्धपोटी, वर ताक.

शुक्रवार पेठ : जैन परंपरेत स्वाध्याय हे सहा अंतरंग तपांपैकी एक. त्याची पाच अंगं : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. म्हणजे अर्थासह वाचणं, शंका विचारणं, मनात घोळवणं, शुद्ध उच्चारात घोकणं आणि मग दुसऱ्याला सांगणं. आपली मंडळी पहिल्यावरून थेट पाचव्यावर उडी मारतात. वहीत शंकांचं पान कोरं असेल तर समजा, वाचना झालीच नाही.

पूर्व भाग : आमच्याकडे अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. पंखा बंद, खिडकी बंद. तरी यंत्रमागाची खटखट येतेच, म्हणून तोंडाजवळ फोन आणि समोर दोरीवर चादर, आवाज घुमत नाही. (सोलापुरात चादरीला काय तोटा!) सुरुवातीला पुस्तक, धडा, पान क्रमांक. पान बदललं की नवा क्रमांक बोलायचा. एक फाइल 20 मिनिटांची. जास्त लांब केली तर हवी ती ओळ शोधताना ऐकणारा मेटाकुटीला येतो.

तक्त्यात सगळे फसतात. नुसते आकडे वाचत गेलं तर कुठला कशाचा ते कळत नाही. आधी स्तंभ किती, त्यांची नावं. मग प्रत्येक ओळीत नाव आणि आकडा जोडीने. आकृतीचं वर्णन डावीकडून उजवीकडे. आणि मध्येच स्वतःचं स्पष्टीकरण घुसडू नका. ऐकणारा आंधळा आहे, अडाणी नाही की ओ!

होटगी रोड : वरच्याला जोडून. लेखनिक म्हणून, म्हणजे परीक्षेत अंध विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहायला, बसणार असाल तर परीक्षेआधी निदान दोनदा त्या विद्यार्थ्याबरोबर सराव करा. तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात, पण ती वापरायची कशी हे आधी ठरलेलं हवं. मराठीत जोडाक्षरं, इंग्रजीत स्पेलिंग कोण सांगणार, तेही. उत्तर लिहून झालं की पूर्ण वाचून दाखवायचं. चूक दिसली तरी आपण दुरुस्त करायची नाही. हात शिवशिवतो तो इथेच.