मदत हवी आहे: पुरस्कारांच्या गदारोळात पुढच्या वर्षीच्या छोट्या सिनेमांचा माग कसा ठेवता?

मंडळी,

जानेवारी उजाडला की जिकडेतिकडे त्याच आठ-दहा सिनेमांची चर्चा. कोणाला नामांकन मिळालं, कोणाचं हुकलं, कोणावर अन्याय झाला. त्याबद्दल तक्रार नाही, मीही चवीने वाचतो. पण गंमत अशी की नेमकं त्याच वेळी अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात आणि लगेच फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात पुढच्या हंगामाचे सिनेमे पहिल्यांदा पडद्यावर येत असतात, आणि त्यांच्याकडे कोणाचं फारसं लक्ष नसतं. 'कोडा' जानेवारी २०२१ मध्ये सनडान्सला दाखवला गेला आणि मार्च २०२२ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला. आपला 'साबर बोंडं' २०२५ च्या जानेवारीत तिथे जागतिक कथापट विभागाचं ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक जिंकला, भारतात थिएटरला लागला सप्टेंबरमध्ये. मधल्या आठ महिन्यांत किती जणांच्या लक्षात राहिला असेल?

माझी अडचण तीच आहे. महोत्सवाच्या दिवसांत दोन-चार परीक्षणं येतात, मी फोनमध्ये नावं टिपून ठेवतो, आणि मग तो सिनेमा जो गायब होतो तो होतोच. कधी नाव बदलून येतो. प्रदर्शनाच्या तारखेच्या जागी नुसतं 'लवकरच'. यूट्यूबवर शोधावं तर एआयने बनवलेले खोटे ट्रेलर आधी समोर येतात. सविस्तर परीक्षण वाचावं तर दुसऱ्याच परिच्छेदात शेवट फुटतो!

तर विचारायचं हे:
नावं कुठून उचलता? कोणता सिनेमा पुढे सरकणार हे कशावरून ओळखता? आणि यादी जिवंत कशी ठेवता? मोठ्या स्टुडिओंच्या सिनेमांची नावं कृपया नकोत, त्यांची जाहिरात करायला माणसं नेमलेली आहेत.

प्रतिसाद : शेवटची रांग

मुख्य स्पर्धेची यादी सगळेच वाचतात. तुम्ही बाजूचे विभाग बघा. फ्रान्समधल्या कान महोत्सवात 'अँ सर्तँ रगार', 'डायरेक्टर्स फोर्टनाइट', 'क्रिटिक्स वीक', व्हेनिसला 'ओरिझोंती', बर्लिनला 'पॅनोरामा'. लाटव्हियाचा 'फ्लो' २०२४ मध्ये 'अँ सर्तँ रगार'मध्येच होता. एकही संवाद नसलेला, ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर बनवलेला मांजराचा अॅनिमेशनपट. पुढच्या मार्चमध्ये त्याने ऑस्कर मिळवलं, लाटव्हियाचं पहिलंच. मे महिन्यात ज्यांनी नाव टिपलं होतं ते तेव्हा कॉलर ताठ करून फिरत होते (त्यात मी नव्हतो).

टिपताना नुसतं इंग्रजी नाव लिहू नका. दिग्दर्शक, देश आणि मूळ भाषेतलं नाव, तिन्ही लिहा. नाव बदललं तरी दिग्दर्शकावरून सापडतो. लेटरबॉक्स्ड या सिनेमांच्या नोंदी ठेवायच्या साइटवर वॉचलिस्टमध्ये टाकलंत तर प्रदर्शनाच्या तारखेनुसार लावता येतं, महिन्यातून एकदा चाळलं की पुरे.

ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागासाठी देश ज्या अधिकृत प्रवेशिका पाठवतात, त्यांवर मात्र विसंबू नका. एका देशाची एकच प्रवेशिका असते, तिच्यात निवडसमितीची आवडनिवड आलीच. 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला २०२४ मध्ये कानचं ग्राँ प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक, मिळालं, तरी ना भारताने तो पाठवला, ना निर्मितीत सहभागी असलेल्या फ्रान्सने. डिसेंबरात या विभागाची पंधरा सिनेमांची शॉर्टलिस्ट येते, त्यातले पाच पुढे जातात. उरलेले दहा हे तुमचं खरं कुरण.

प्रतिसाद : इंटरव्हल

पारितोषिकापेक्षा वितरक मिळाला का, ते बघा. ती बातमी दोन ओळींची असते आणि कोणी वाचत नाही, पण सिनेमा आपल्यापर्यंत पोचणार की नाही हे तिथेच ठरतं. 'नो अदर लँड'ला फेब्रुवारी २०२४ मध्ये बर्लिनला माहितीपटाचं पारितोषिक मिळालं, पुढे ऑस्करही मिळालं, तरी तोवर अमेरिकेत एकही वितरक पुढे आला नव्हता. निर्मात्यांनी स्वतःच थिएटरांत लावला.

दुसरं म्हणजे तारखांचा घोळ. ऑस्करच्या सर्वसाधारण विभागांत पात्र ठरायला सिनेमा लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क अशा अमेरिकेतल्या सहा ठरलेल्या महानगरांपैकी एकात सलग सात दिवस चालला तरी भागतं. त्यामुळे डिसेंबरात एका थिएटरात आठवडाभर लावून मोकळे होतात. डेटाबेसमध्ये 'प्रदर्शित' अशी नोंद पडते, बाकी जगाला तो कित्येक महिन्यांनी मिळतो. 'प्रदर्शित' दिसलं म्हणून यादीतून काढू नका.

प्रतिसाद : फुकटचा पास

'सिनेमाला दहा मिनिटं उभं राहून टाळ्या' या बातम्यांवर नावं टिपत असाल तर आधी ते थांबवा. कलाकार समोर बसलेत, कॅमेरा त्यांच्या तोंडावर रोखलाय, प्रेक्षक टाळ्या वाजवणार नाहीत तर काय करतील?

आणि परीक्षणाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचायचा, मधलं सोडायचं. शेवट सहसा मधेच फुटतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. वितरकाचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, आज रात्री जुनी यादी त्या नजरेने तपासतो. एक राहिलं: लघुपटांचं काय? ते तर थिएटरलाही लागत नाहीत.

प्रतिसाद : शेवटची रांग

उलट तेच सोपे. कथा, अॅनिमेशन आणि माहितीपट, ऑस्करच्या या तिन्ही लघुपट विभागांच्या पंधरा-पंधराच्या शॉर्टलिस्ट डिसेंबरात येतात, आणि त्यातले बरेचसे निर्माते मतदारांनी बघावेत म्हणून तेव्हाच यूट्यूबवर किंवा व्हिमिओवर टाकतात. मिळाले की लगेच बघून घ्या, काही जण सोहळा झाला की काढून टाकतात.