शाळेचं वीजबिल कमी करायचंय, सुरुवात कुठून? (नाशिक)

इंदिरानगरकर:
मंडळी, २२ वर्गांची अनुदानित शाळा. बिल आलं की मोठ्या बाई मलाच बोलावतात, कारण मी विज्ञान शिकवतो! वेतनेतर अनुदान येईल तेव्हा येईल. संस्था म्हणते सगळे पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) करा, एक पालक म्हणतात थेट सोलर. आधी काय करू?

गोदाकाठी:
सर, आधी काहीच विकत घेऊ नका. शनिवारी शाळा सुटली की मीटरचं रीडिंग वहीत लिहा, सोमवारी मामा कुलूप उघडतात तेव्हा पुन्हा. आमच्याकडे तेवढ्यात ३८ युनिट गेली होती, शाळेत चिटपाखरू नसताना! दोन्ही वॉटर कूलर चालू, संगणक कक्षाचा यूपीएस चालू. वर एका फ्लशची टाकी झिरपत होती, म्हणून ऑटोमॅटिक मोटर रात्रभर अधूनमधून लागायची. साधा वायसर गेलेला.

पंचवटीचा वायरमन:
ताई बरोबर बोलल्या. मग ट्यूब बदला. जुनी ४० वॅटची ट्यूब चोक धरून पन्नाशी ओलांडते, एलईडी २० मध्ये भागते. खिडकीकडची रांग वेगळ्या बटणावर घ्या, दुपारी ती लागतच नाही.
पंख्याचं मात्र घरासारखं नाही. जुना ७५ वॅट, बीएलडीसी ३०. दिवसाला ६ तास, वर्षाला २०० दिवस धरले तर एका पंख्यामागे ५४ युनिट वाचतात. आपल्याकडच्या थंडीत त्याहून कमीच. पैसे वसूल व्हायला वर्षं जातील. जो जळेल तोच बदला.

सातपूर_एमआयडीसी:
बिलावर टॅरिफ बघितलं का? शाळांना 'पब्लिक सर्व्हिसेस'चा दर असतो. कमर्शियल लागला असेल तर आधी तो अर्ज. मंजूर भारही (कनेक्शनला मंजूर असलेले किलोवॅट) तपासा.
सोलर शेवटी, खप उतरल्यावर. म्हणजे पॅनल कमी लागतील. १ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरा. नेट मीटरिंग (जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करणं) घ्याच, नाहीतर मे महिन्यात शाळा बंद आणि ऊन वाया.

इंदिरानगरकर:
रीडिंग घेतलं. शनिवार दुपार ते सोमवार सकाळ, २९ युनिट. कूलर होताच, पण खरा चोर स्टेजच्या पडद्यामागे: ५०० वॅटचा हॅलोजन, गॅदरिंगपासून चालू! बटण कुठलं ते कोणालाच ठाऊक नाही. वायरमनदादा, या शनिवारी येता का?