मदत हवी आहे: जिनिव्हा बायबलच्या दोन प्रतींत टिपा वेगळ्या कशा?

नीलमोहर
प्रबंधाचा मसुदा शुक्रवारी द्यायचाय, म्हणून थेट विचारते. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, म्हणजे प्रकटीकरणात, ९व्या अध्यायात टोळांवर जी टीप आहे ती एका प्रतीत सापडते, दुसरीत नाही, तिथे भलतंच काही आहे. दोन्ही जिनिव्हाच, म्हणजे सोळाव्या शतकातलं समासात टिपा असलेलं इंग्रजी बायबल. बरोबर कोणती? माहीतगारांनी लवकर सांगा प्लीज.

कातरवेळ
साल कुठलं? हातात छापील प्रत आहे की स्कॅन? टिपेत काय लिहिलंय? यातलं काहीच न सांगता कोण काय सांगणार?

देशमुख_काका
बाळ, जिनिव्हाच्या मागे कशाला लागतेस? १६११ची किंग जेम्स, म्हणजे इंग्लंडच्या जेम्स राजाने करवून घेतलेली आवृत्ती घे, इंग्रजी गद्य घडवलं ते तिने. जिनिव्हावर तर राजाने बंदीच घातली होती.

जुनी_जिल्द
काका, बंदी नव्हती. जानेवारी १६०४मध्ये हॅम्प्टन कोर्टच्या धर्मपरिषदेत जेम्स या टिपांवर चिडला, हे खरं. निर्गम १:१९वरची टीप म्हणते की सुइणींनी बाळं मारण्याची फारोची, म्हणजे इजिप्तच्या राजाची, आज्ञा मोडली ते रास्तच होतं, फक्त खोटं बोलल्या ते वाईट. २ इतिहास १५:१६वर म्हटलंय की आसा राजाने आईला नुसतं पदावरून काढलं, तिला मारायला हवं होतं. ज्याची स्वतःची आई मेरी स्टुअर्ट, गादीवरून काढलेली आणि पुढे शिरच्छेद झालेली राणी, त्याला हे कसं रुचणार? तरी लंडनमध्ये रॉबर्ट बार्कर १६१६पर्यंत जिनिव्हा छापत होता, आणि १६११च्या बायबलचा मुद्रकही तोच. शेवटची आवृत्ती १६४४ची, अ‍ॅमस्टरडॅमची. लोकांना टिपा हव्या होत्या. घरात वेगळा भाष्यग्रंथ घेण्याची ऐपत किती जणांची असणार?

देशमुख_काका
छपाई चालू होती, मान्य. पण नव्या भाषांतरात हिब्रू-ग्रीक शब्दांच्या खुलाशापलीकडे समासात काही लिहायचं नाही, असा नियम त्याच राजाने घातला. बंदी नाही तर काय?

जुनी_जिल्द
तो नियम नव्या बायबलापुरता होता, काका. जुनं कुणाच्या घरातून उचलून नेलं नाही.

नीलमोहर
माझ्या प्रश्नाचं काय? पहिली प्रत १५६०ची, दुसरी १५९९ची, दोन्ही स्कॅन. १५६०मध्ये टोळ म्हणजे खोटे शिक्षक आणि पाखंडी, आणि पुढे भिक्षू, कार्डिनल, आर्चबिशप, बिशप अशी मोठी यादी. १५९९मध्ये ही यादी नाही.

जुनी_जिल्द
हे आधी सांगितलं असतंस तर! १५६०च्या टिपा जिनिव्हात आश्रयाला गेलेल्या इंग्रजांच्या, विल्यम व्हिटिंगहॅम आणि मंडळींच्या. १५७६मध्ये लॉरेन्स टॉमसनने नवा करार जिनिव्हाचा धर्मपंडित बेझा याच्या आधाराने सुधारला आणि टिपाही बदलल्या. फ्रान्सिस्कस ज्युनियस या प्रोटेस्टंट धर्मपंडिताचं प्रकटीकरणावरचं भाष्य १५९२मध्ये इंग्रजीत वेगळं छापलं गेलं, मग ते बायबलच्या समासात आलं. त्यात अध्याय पोपांच्या इतिहासाशी सनावळीनिशी जोडलेत. दोन्ही प्रती बरोबर आहेत, भाष्यकार वेगळे आहेत. नव्या कराराच्या मुखपृष्ठावर टॉमसनचं नाव आहे का बघ.

कातरवेळ
माझ्या मते सरळ १५६० वापर. मूळ तेच, बाकी सगळी नंतरची भर.

जुनी_जिल्द
अजिबात पटत नाही. १६००च्या आसपास इंग्लंडमधल्या घरात काय वाचलं जात होतं, हा विषय असेल तर टॉमसनवाला नवा करार टाळताच येणार नाही. नीलमोहर, प्रबंध नेमका कशावर आहे ते अजून सांगितलं नाहीस.

कोकणकडा
सगळे इंग्लंडमध्येच अडकलेत! त्याच काळात थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मसंघातला मिशनरी, १५७९मध्ये गोव्याला आला आणि १६१६मध्ये तिथल्याच राशोलला त्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, तेही मराठी ओव्यांत. मराठी मुलीने त्यावर प्रबंध लिहावा, मनापासून सांगतो.

देशमुख_काका
स्टीफन्स कॅथलिक. इथे प्रोटेस्टंट ग्रंथ चाललेत. कॅथलिकांनीही १५८२मध्ये र्‍हेम्समध्ये इंग्रजी नवा करार काढला, आणि १५८९मध्ये प्रोटेस्टंट विल्यम फुल्कने तोच अख्खा चर्च ऑफ इंग्लंडच्या बिशप्स बायबलशेजारी छापून टिपागणिक खोडून काढला. खंडन करता करता त्याने प्रतिपक्षाचा मजकूर इंग्लंडभर पोचवला. यावर एक प्रकरण लिही.

नीलमोहर
विषय आहे बिशपांविरुद्धची टीका आणि समासातल्या टिपा. हो, टॉमसनचं नाव आहे. खाली 'लंडन, क्रिस्टोफर बार्करचे डेप्युटी, १५९९' असं छापलंय. तेच तळटिपेत देऊ ना?

जुनी_जिल्द
थांब, इथेच लोक फसतात. तोच मजकूर आणि तेच साल छापून अनेक आवृत्त्या नंतर नेदरलँड्समध्ये निघाल्या. म्हणून छापलेलं साल दे, पुढे चौकटी कंसात 'साल संशयास्पद' असं लिही, आणि जुन्या इंग्रजी छापील पुस्तकांच्या पोलार्ड-रेडग्रेव्ह सूचीतला क्रमांक टाक. या '१५९९'च्या आवृत्त्यांना तिथे वेगवेगळे क्रमांक आहेत, तुझी प्रत कोणती ते त्यावरूनच ठरेल. स्कॅन ज्या ग्रंथालयाचा आहे त्यांच्या नोंदीत तो बहुतेक असेल. आणि बिशपांची यादी फक्त १५६०च्या नावावर दे. विषय बिशपांचा आहे म्हणतेस, तर ती यादी पुढे का उरली नाही, यावरही एक परिच्छेद हवाच.

नीलमोहर
क्रमांक मिळाला! आता ज्युनियसचं १५९२चं भाष्य कुठे वाचायला मिळेल?