मदत हवी आहे: अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील उरलेल्या आठ आरोपांचे काय झाले?

नमस्कार. अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील १८६८ च्या महाभियोगाविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना सिनेटच्या संमतीवाचून दूर केल्याच्या मुख्य कारणावरून त्यांच्यावर ११ आरोप ठेवण्यात आले. परंतु सिनेटने १६ मे रोजी अकराव्या आणि २६ मे रोजी दुसऱ्या व तिसऱ्या आरोपावरच मतदान घेतले, तिन्ही वेळा ३५ विरुद्ध १९ असा, म्हणजे दोषी ठरवायला लागणाऱ्या दोन तृतीयांशाला अवघे एक मत कमी पडणारा निकाल लागला आणि खटला तिथेच संपवण्यात आला. अर्धांगवायूचा झटका आलेले सिनेटर जेम्स ग्राइम्स यांना पहिल्या मतदानासाठी सभागृहात उचलून आणावे लागले होते, इतके एकेक मत मोलाचे होते.

मग ज्या आठ आरोपांवर मतदानच झाले नाही, त्यांतूनही जॉन्सन निर्दोष सुटले असे कायद्याने म्हणता येते का?

शिवाय, उपाध्यक्षपद रिकामे असल्यामुळे जॉन्सन पायउतार झाले असते तर सिनेटचे हंगामी सभापती बेंजामिन वेड अध्यक्ष झाले असते. जॉन्सन यांच्या बाजूने मत देणाऱ्या सात रिपब्लिकन सिनेटरांवर या शक्यतेचा बराच प्रभाव असावा, असे मला वाटते. त्यांनी स्वतः लिहून दिलेली कारणे कुठे वाचायला मिळतील, हे कृपया सांगावे.