‘मायटोफॅजी’ला मराठीत काय म्हणावं? भक्षण, निंदण की वेचणी?

धागाकर्ती: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. पुस्तक इंग्रजीत असलं तरी पोरांच्या डोक्यात उजेड पडतो तो मराठीतच. एका शब्दासाठी तुमची मदत हवी आहे.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका, हे त्यांना शाळेपासून पाठ आहे. मूळ ग्रीक शब्दही तंतू आणि कण यांचाच. पेशी आपल्यातल्या बिघडलेल्या तंतुकणिका हेरून मोडीत काढते, ती मायटोफॅजी. पेशींचे अभ्यासक जॉन लेमास्टर्स यांच्या २००५ सालच्या लेखानंतर हा शब्द रुळला. फॅजी म्हणजे खाणं, म्हणून ‘तंतुकणिकाभक्षण’ असा शब्द सहज तयार होतो. तो मला खटकतो. ऑटोफॅजीला ‘स्वभक्षण’ शोभतं, कारण उपाशी पेशी आपलाच ऐवज मोडून दिवस काढते. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांनी ते उपाशी ठेवलेल्या यीस्टमध्येच पाहिलं आणि २०१६ चं नोबेल त्याच कामाला मिळालं. पण मायटोफॅजीत खरी गोष्ट आहे ती पारख. शेकडो कणिकांतून नेमकी बिघडलेली उचलली जाते, आणि ‘भक्षण’ म्हटलं की ती पारखच हरवते.

प्रतिसाद १: मॅडम, सरळ ‘निंदण’ म्हणा. तण तेवढं काढायचं, पीक ठेवायचं. गावात कोणालाही समजेल.

धागाकर्ती: दादा, शब्द आपल्या मातीतला आहे, पण तण परकं असतं. तंतुकणिका फार पूर्वी बाहेरून आलेल्या जिवाणूच्या वंशातल्या, हे खरं. आता मात्र त्या घरच्याच झाल्यात, त्यांच्यावाचून पेशीचं पान हलत नाही.

पण तुमच्यामुळे शेजारच्या मावशींची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आठवली. गुलाबी बोंडअळी शिरलेलं फूल नीट उमलत नाही, पाकळ्या धाग्यानं शिवल्यागत मिटून राहतात. ती डोमकळी. २०१७ साली बोंडअळीनं आमच्याकडची कपाशी नासवली, तेव्हापासून लोक डोळ्यांत तेल घालून डोमकळ्या शोधतात. मी एक तोडून दोन ओळींमधल्या तासात टाकली, तर मावशी ओरडल्या, “खाली नोको टाकू बाई, अळी आतच हाये. पिशवीत घाल!”

पेशीतही असंच चालतं. धड तंतुकणिका पिंक१ नावाचं प्रथिन सारखं आत ओढून घेते आणि तिथे ते कापलं जातं. कणिकेच्या आतल्या पडद्यावरचा विद्युतदाब पडला की हे ओढणं थांबतं आणि पिंक१ बाहेरच्या पडद्यावर साचत जातं. न उमललेल्या पाकळ्यांसारखी हीच तिची खूण. मग पार्किन नावाचं दुसरं प्रथिन येतं आणि तिच्यावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाच्या साखळ्या चिकटवतं. त्या साखळ्या ओळखून दुहेरी पडद्याची एक पिशवी कणिकेभोवती तयार होते आणि ती लयकारिकेला, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीला, जाऊन मिळते. आत कणिकेचे तुकडे होतात, अमिनो आम्लं पुन्हा कामी येतात. मावशींची पिशवी इथेही का लागते? बिघडलेली कणिका मोकळी राहिली तर तिच्यातून ऑक्सिजनची उपद्रवी रूपं सांडतात, पेशीला मरणाकडे ढकलणारी प्रथिनंही सांडतात. पिंक१ किंवा पार्किनच्या जनुकात दोष असला तर माणसाला ऐन तारुण्यातही पार्किन्सनचा आजार गाठू शकतो. ‘पार्किन’ हे नावही त्या आजारावरूनच पडलं.

म्हणून माझा कौल ‘वेचणी’ला. आपण तांदूळ निवडतो, पण खडे वेचतो. निवडायचं ते ठेवण्यासाठी, वेचायचं ते एकेक पारखून उचलण्यासाठी. कापूस वेचतो, डोमकळ्याही वेचतो. ‘तंतुकणिका-वेचणी’ कसं वाटतं?

प्रतिसाद २: ताई, वेचणी आवडली. फक्त व्याख्येत ‘बिघडलेल्या’वर अडून राहू नका. आपल्या तांबड्या रक्तपेशी तयार होताना सगळ्या तंतुकणिका काढून टाकतात, चांगल्यासुद्धा. तीही मायटोफॅजीच आहे ना?

धागाकर्ती: हो, आणि हे माझ्याकडून सुटलं होतं. तिथे निक्स नावाचं प्रथिन खुणेचं काम करतं, कणिका बिघडण्याची वाट पाहिली जात नाही. तंतुकणिका गेल्यावर रक्तपेशी ऑक्सिजन नुसता वाहते, स्वतः वापरत नाही. अशा सरसकट काढण्याला आमच्याकडे आयता शब्द आहे, उलंगवाडी. शेवटचा वेचा झाला, आता पऱ्हाटीत ढोरं सोडा, शेत मोकळं करा. वर्गातल्या निम्म्या पोरांनी दिवाळीनंतर स्वतः कापूस वेचलेला असतो. उद्या फळ्यावर ‘वेचणी’ लिहीन, त्याखाली रक्तपेशीचं चित्र काढीन आणि तिच्यापुढे ‘उलंगवाडी’ लिहीन.