मदत हवी आहे: अहिराणी रॅप अल्बममधल्या कानबाईच्या ओळींवर क्लेम आलाय

मंडळी, आम्ही तिघं धुळ्याचे. अहिराणी रॅप, पॉप आणि मध्ये मध्ये संबळ, असा ७ ट्रॅकचा अल्बम तयार आहे. मास्टर, कव्हर सगळं झालंय. घोडं अडलंय तिसऱ्या ट्रॅकवर.

त्यात माझ्या आजीच्या आवाजात कानबाईच्या (आमच्या खान्देशातली देवी) गाण्याच्या दोन ओळी आहेत. मी स्वतः ओट्यावर बसून मोबाईलवर घेतल्यात (मागे बांगड्या वाजतात, मुद्दाम ठेवल्या). चाल पारंपरिक. तरी यूट्यूबवर प्रायव्हेट टाकून पाहिलं, तर एका कॅसेट कंपनीचा कंटेंट आयडी क्लेम (यूट्यूबची यंत्रणा गाणं आपोआप जुळवून मालकीचा दावा लावते, तो)! त्यांच्या रेकॉर्डिंगचा एक सेकंदही आम्ही घेतलेला नाही. डिस्प्यूट केला, फेटाळला. संगीतकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ लिहिलं, तर डिस्ट्रिब्युटर (स्पॉटिफाय वगैरेंवर गाणी पोचवणारी कंपनी) पुरावा मागतो. आजीची लेखी संमती पाठवली, ती पुरत नाही म्हणे.

ओळी काढा असं कृपया सुचवू नका, गाण्याचा जीवच तिथे आहे. वकिलाचं बजेट नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्याआधी रिलीज हवंय, आणि स्पॉटिफायच्या पिचिंगला (प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायला) किमान ७ दिवस हाताशी लागतात.

पारंपरिक चालीचा पुरावा म्हणून डिस्ट्रिब्युटर नेमकं काय मान्य करतात? आणि अपील करताना कुणी काय लिहिलं होतं, की क्लेम सुटला?