लीज मार्चअखेरपर्यंत आहे, जागा घ्यायला कुणी आहे का? (अर्जंट)

मंदार (सनीवेल, कॅलिफोर्निया):
नमस्कार मंडळी,
बऱ्याच जणांना कळलंच असेल, आमच्या अख्ख्या ग्रुपला नारळ दिलाय. एचवन व्हिसावर आहे त्यामुळे दुसरी नोकरी शोधायला नाहीतर देश सोडायला मिळणारे ६० दिवस मोजायला सुरुवात झाली. नोकरीसाठी ज्यांनी रेफरल दिले, फोन केले त्यांचे मनापासून आभार, तो विषय वेगळा चालू आहे. आत्ता अडलंय ते भाड्यावर. दोन बेडरूम, महिना ३,४५० डॉलर, लीज मार्चअखेरपर्यंत. लीजिंग ऑफिसात जाऊन विचारलं तर म्हणतात आधी सोडायचं तर दोन महिन्यांचं भाडं फी म्हणून भरा, शिवाय ६० दिवसांची नोटीस, आणि तिथल्या बाईंनी लगेच एक पानी फॉर्म पुढे सरकवला, सहीच्या जागी पिवळी चिकटपट्टी लावून तयारच होता. मी सही न करता घरी घेऊन आलोय. दोन महिन्यांचं द्यावंच लागतं का हे कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा. आणि नोव्हेंबरच्या एक तारखेपासून कुणाला जागा हवी असेल तर तेही, एलिमेंटरी शाळा चालत जाण्यासारखी आहे, वॉशर-ड्रायर घरात. कोब्राचा (कंपनीचाच आरोग्य विमा स्वतःच्या खर्चाने चालू ठेवायचा) कागद पण आलाय, तिघांचा महिन्याचा हप्ता बघून पोटात गोळा आला. तो लगेच भरायचा असतो का?

शिल्पा:
मंदार, फार वाईट वाटलं रे ऐकून. आम्हा दोघांकडून काही लागलं तर हक्काने सांग. फक्त जागेच्या पोस्ट मंडळाच्या क्लासिफाइडच्या (जाहिरातींच्या) ईमेल यादीवर टाकायच्या असं कमिटीत ठरलंय, गेल्या वर्षी त्या रूममेट प्रकरणात काय झालं ते सगळ्यांना आठवतंय. तिथे टाक, मी लगेच अप्रूव्ह करते.
बाकी सगळ्यांना: फराळाच्या ऑर्डरी शुक्रवारपर्यंतच घेणार आहोत, चकलीच्या बंद केल्यात.

सुहासकाका:
शिल्पा, राहू दे गं इथेच. क्लासिफाइडची यादी कोण वाचतं, आणि हा जागेचा प्रश्न नाहीच नुसता.
मंदार, २००१ ला इथे हेच झालं होतं आणि तेव्हा एचवनवाल्याला हे ६० दिवस पण नव्हते, ते २०१७ पासून आले. आमच्या कॉम्प्लेक्समधली माणसं आठवड्यात घर रिकामं करून निघून गेली. माझे घरमालक वयस्कर होते, वर राहायचे. मी त्यांच्यापुढे बसून सगळं सांगितलं तर त्यांनी पिवळ्या पॅडवर हाताने लिहिलं, तीन महिने अर्धं भाडं, उरलेलं नोकरी लागल्यावर, खाली दोघांच्या सह्या. तो कागद अजून आहे माझ्याकडे. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे गप्प बसून भाडं थकवू नकोस, आणि जे काय ठरेल ते लेखी घे.

प्रसाद:
> दोन महिन्यांचं द्यावंच लागतं का
लीजमध्ये लिहिलं असेल तर द्यावं लागतं. माझा फ्रीमाँटला एक काँडो भाड्याने आहे म्हणून सांगतो, भाडेकरू मधेच गेला म्हणून मॉर्गेज, एचओए (सोसायटीची वर्गणी) आणि प्रॉपर्टी टॅक्स थांबत नाही. पाच महिन्यांचं सुमारे १७ हजार होतात, त्यापेक्षा सात हजार देऊन मोकळा हो.

नीलिमा:
प्रसाद, एवढं सरळ नाहीये ते. कॅलिफोर्निया सिव्हिल कोड कलम १९५१.२ बघ. भाडेकरू मुदतीआधी सोडून गेला तर उरलेल्या महिन्यांचं भाडं मागत हातावर हात धरून बसता येत नाही, जागा पुन्हा भाड्याने देऊन जेवढं नुकसान टळण्यासारखं होतं तेवढं वजा होतं. म्हणजे डिसेंबरपासून दुसरं कुणी त्याच भाड्याने राहायला आलं तर मंदारकडून साधारण नोव्हेंबरचं आणि नवा भाडेकरू शोधायचा रास्त खर्च, एवढंच.
मंदार, तुझ्या लीजमध्ये अर्ली टर्मिनेशनचं वेगळं पान आहे का आणि त्यावर तुझी सही आहे का ते आधी बघ. बहुतेक ठिकाणी तो ऑप्शन असतो, नोटीस आणि फी देऊन मोकळं व्हायचा, सक्ती नसते. पण आता आणलेल्या फॉर्मवर सही केलीस की तू तो ऑप्शन निवडलास असं होईल. सही करू नकोस.

प्रसाद:
> नवा भाडेकरू शोधायचा रास्त खर्च
आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येणार कोण? शाळा चालू असताना मुलंबाळं असलेलं कुणी घर बदलत नाही. माझा काँडो मागे थँक्सगिव्हिंगच्या आधी रिकामा झाला तो वसंत येईपर्यंत गेला नाही. कायदा काही म्हणो, नवा येईपर्यंतचं भाडं याच्याच डोक्यावर राहणार. सात हजाराचा आकडा निदान पक्का आहे, माणसाला पुढचं ठरवता येतं.

नीलिमा:
म्हणूनच त्याने आजच सोडायची तारीख ईमेलने कळवायला हवी, एकेक आठवडा महाग आहे. आणि ऑफिसवर अवलंबून न राहता स्वतः माणूस आणून द्यायचा, नाव, फोन, अर्ज भरल्याची तारीख, सगळं ईमेलमध्ये. चांगल्या पगाराचा माणूस त्यांनी कारण नसताना नाकारला तर ती ईमेल पुढे कामाला येते.
सबलेट मात्र करू नकोस मंदार. सबलेटमध्ये लीजवर नाव तुझंच राहतं, त्याने भाडं दिलं नाही की नोटीस तुझ्या नावाने निघणार आणि तोपर्यंत तू कदाचित पुण्यात असशील. नव्या माणसाने ऑफिसशी स्वतःचं नवं लीज करायचं आणि तुझं लीज संपलं असं लेखी घ्यायचं.

रेवती:
कोब्राचं कुणी उत्तर दिलं नाही म्हणून लिहिते. लगेच भरायचं नसतं. घ्यायचं की नाही हे ठरवायला ६० दिवस असतात आणि नंतर घेतलं तरी जुना इन्शुरन्स संपला त्या तारखेपासून लागू होतं, अर्थात मधल्या महिन्यांचे हप्ते भरावे लागतात. कंपनीचा हिस्सा आणि आपला हिस्सा मिळून वर २ टक्के, म्हणून तो आकडा एवढा दिसतो. मधल्या काळात कव्हर्ड कॅलिफोर्नियावर (राज्याच्या आरोग्य विम्याच्या पोर्टलवर) प्लॅन बघून ठेव, नोकरीचा इन्शुरन्स गेल्यापासून तिथेही ६० दिवसांत घेता येतो.
माझी नोकरी गेली तेव्हा आम्ही दोघांनी रात्री बसून सगळी बिलं दोन ढिगांत वेगळी केली. भाडं, वीज, फोन, गाडीचा हप्ता आणि इन्शुरन्स एकीकडे, कारण फोन बंद तर इंटरव्ह्यू बंद. उरलेलं सगळं दुसरीकडे, आणि दुसऱ्या ढिगातलं दुसऱ्या दिवशीच कॅन्सल. क्रेडिट कार्डवाल्यांना हप्ता चुकायच्या आधी फोन केला तर हार्डशिपची सोय देतात, चुकल्यावर तेच लोक वेगळ्या सुरात बोलतात. पीजी अँड ई या वीज कंपनीची केअर म्हणून स्कीम आहे, घरातली माणसं आणि उत्पन्न बघून विजेच्या बिलात २० टक्के किंवा जास्त सूट मिळते, फॉर्म ऑनलाइन भरता येतो.
आणि राज्याच्या ईडीडी खात्याकडून अनएम्प्लॉयमेंट (बेकारी भत्ता) घ्या, लाजू नका. आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर, २६ आठवड्यांपर्यंत. त्यातून इथलं भाडं निघत नाही पण किराणा निघतो.

अमोल:
रेवती, एचवनवर मिळतं का पण? आणि ग्रीन कार्डच्या फाइलला पब्लिक चार्ज (सरकारी मदतीवर जगणारा माणूस) म्हणून लागत नाही ना? आमच्याकडे ऑफिसात दोघांनी या भीतीने अर्जच केला नाही.

रेवती:
पब्लिक चार्जमध्ये धरत नाहीत, तो मालकाने भरलेल्या टॅक्समधून येणारा विमा आहे, आपल्या कामावर मिळवलेला. मी ग्रीन कार्डवर होते त्यामुळे मला काही अडचण आली नाही. एचवनला अडतं ते दुसऱ्या अटीवर, दर दोन आठवड्यांनी तुम्ही काम घ्यायला मोकळे आहात असं सांगावं लागतं आणि कामाचा परवाना तर त्या कंपनीशी बांधलेला. मंदारने इमिग्रेशन लॉयरला विचारूनच भरावं.

सुहासकाका:
हे सगळं ठीक आहे पण मंडळ काय करणार आहे? गणपतीत एवढी देणगी जमली. नोव्हेंबरचं भाडं मंडळाने भरावं असं मी इथे सगळ्यांसमोर सुचवतो.

विनय (कोषाध्यक्ष):
काका, भावना समजते, पण मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहे. एका माणसाच्या नावाने पैसे गोळा करून त्याची मंडळाची पावती देता येत नाही, आणि गणपतीची देणगी ज्या कामासाठी मागितली त्यालाच लागणार. हा निर्णय यादीवर होणार नाही, कमिटीच्या मीटिंगमध्ये मांडा. सनीवेल कम्युनिटी सर्व्हिसेस ही संस्था तिथल्याच रहिवाशांना भाड्यासाठी मदत करते, धान्यही देते. काउंटीत दुसरीकडे राहणाऱ्यांनी २११ या मदतीच्या हेल्पलाइनला फोन करावा.

सुहासकाका:
विनय, पावती मागितली कुणी? मी माझ्या खिशातून देतोय, ज्याला द्यायचं त्याने मला फोन करा. आपल्याच माणसाला धान्याच्या रांगेत उभं करायचं आणि आपण हॉलच्या डेकोरेशनवर चर्चा करायची, हे मला पटत नाही.

रेवती:
काका, रांगेत उभं राहण्यात कमीपणा नाही हो. आम्ही सेकंड हार्वेस्ट या फूड बँकेचं धान्य घेतलंय, तांदूळ, डाळ, भाज्या, सगळं नीट असतं, आणि वाटणारी माणसं चांगली बोलतात.

मंदार:
सगळ्यांना एकत्रच लिहितो. काका, पैसे खरंच नकोत, अजून दोन-तीन महिने निघतील एवढं आहे, आणि कमी पडलं तर तुम्हालाच फोन करीन.
लीज काढून बघितलं. अर्ली टर्मिनेशनचं पान आहे, पण दोन चौकोन आहेत आणि फी भरून सोडायच्या चौकोनावर माझी खूण नाही. नीलिमा म्हणाली तसं रात्रीच ईमेल टाकली, ३१ ऑक्टोबरला घर सोडतोय, जागा दाखवायला केव्हाही या. सकाळी उत्तर आलं की लिस्टिंग लावतो आणि नवा भाडेकरू येईपर्यंतचंच भाडं लागेल. दोन महिन्यांच्या फीचा उल्लेखच नाही त्यात. आम्ही तिघं नोव्हेंबरमध्ये शिल्पाच्या खालच्या खोलीत राहतोय, मुलाची शाळा तीच राहील. शनिवारी सोफा, डायनिंग टेबल आणि मुलाचा बंक बेड विकायला काढलाय, आणि जागा बघायची असेल तर त्याच वेळी या.

नीलिमा:
छान झालं. ती ईमेल प्रिंट करून ठेव. किल्ल्या देताना रिकाम्या घराचा व्हिडिओ काढ, ओव्हन उघडून आणि बाथटबही दाखवून. डिपॉझिटचा हिशोब २१ दिवसांत द्यावा लागतो, शिल्पाचा पत्ता लेखी दे, आणि भारतात जायची वेळ आलीच तरी इथलं बँक खातं चालू ठेव, डिपॉझिटचा चेक तिथे वटवणं फार कटकटीचं असतं.

प्रसाद:
मंदार, माझ्या टीममध्ये एक जोडपं बंगळुरूहून येतंय, एक तारखेपासून जागा हवीच आहे त्यांना. शनिवारी किती वाजता आणू? आणि बंक बेड मी घेतो, दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नकोस.